नव्या नाट्यसंहितांची निवड : वाचन, प्रयोग आणि परिसर

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात नाटक शिकविले जाते ते बहुधा ग्रंथ म्हणून, आणि महाविद्यालयाच्या रंगमंचावर नाटक केले जाते ते बहुधा एकांकिका म्हणून. या दोन व्यवहारांचा परस्परांशी संबंध क्वचितच येतो. वर्गात ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘महानिर्वाण’, ‘वाडा चिरेबंदी’ या संहितांची चर्चा होते. युवा महोत्सवासाठी मात्र ठरावीक वेळेत बसणारी आणि पारितोषिक मिळवू शकेल अशी संहिता शोधली जाते. या दोहोंच्या मधोमध, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजवर लिहिली गेलेली पूर्ण लांबीची नाटके राहून जातात. वर्गाला ती फार नवी वाटतात आणि महोत्सवाला फार लांब. परिणामी पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या मनात मराठी नाटक हे तेंडुलकर, एलकुंचवार आणि आळेकर या नावांपाशी थांबलेले असते.

प्रस्तुत लेखात अशा काही संहितांची शिफारस करावयाची आहे. केवळ नावांची यादी देऊन हे काम भागणार नाही. कोणते नाटक वाचावे आणि करावे, हा प्रश्न ‘कोठे’ आणि ‘कोणी’ या प्रश्नांपासून वेगळा काढता येत नाही, अशी या लेखाची भूमिका आहे. म्हणून येथे पालघर तालुक्यातील मासवणपासून बोईसर-तारापूरपर्यंतचा परिसर समोर ठेवून, या परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती कोणत्या संहिता द्याव्यात, असा विचार केला आहे. अन्य जिल्ह्यांतील अध्यापकांनी आपापल्या परिसराच्या संदर्भात हीच तपासणी करावी, अशी अपेक्षा आहे.

१. निवडीचे निकष

नव्या नाटकाची निवड करताना तीन निकष एकत्र लावावे लागतात.

पहिला निकष वाचनाचा. संहिता वाचीत असताना संवादांच्या पलीकडे काही हाती लागते काय, हे पाहावे. रंगसूचना, विराम, पात्रांची अनुपस्थिती, प्रवेशांचा क्रम यांतून अर्थ घडत असेल, तर ती संहिता वर्गात दीर्घ काळ टिकते. केवळ कथानक सांगून संपणारे नाटक एका तासिकेत संपते.

दुसरा निकष प्रयोगाचा. ग्रामीण महाविद्यालयाकडे बहुधा एक सभागृह, मोजके दिवे आणि वार्षिक स्नेहसंमेलनापुरता निधी असतो. फिरता रंगमंच, बहुविध दृश्यस्थळे किंवा तारांकित नट यांवर उभे असलेले नाटक येथे उभे राहू शकत नाही. परंतु साधनांची कमतरता हा दोष मानण्याचे कारण नाही. आपल्या अनेक चांगल्या नव्या संहिता प्रायोगिक रंगभूमीच्या मोकळ्या मंचासाठीच लिहिल्या गेल्या आहेत.

तिसरा निकष परिसराशी होऊ शकणाऱ्या संवादाचा. याचा अर्थ नाटकाचा विषय स्थानिक असावा असा नाही. नाटकातील मूळ संघर्षाला या परिसरातील अनुभवाने उत्तर देता येते काय, एवढाच याचा अर्थ. तसे उत्तर येथील विद्यार्थ्याला देता आले, तर मुंबईच्या चाळीतील नाटकही मासवणचे होऊ शकते. ते देता आले नाही, तर आदिवासी पाड्यावर बेतलेले नाटकही परके राहते.

२. परिसर

पालघर हा स्वतंत्र जिल्हा म्हणून १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. मासवण हे त्यातील सूर्या नदीकाठचे गाव. वसई-विरारकडे जाणारे सूर्येचे पाणी उचलणारे उदंचन केंद्र येथे आहे. पश्चिमेस बोईसर आणि तारापूर. तेथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले आणि पुढे मोठी औद्योगिक वसाहत वाढली. त्याच केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांचे विस्थापन झाले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांचा या बंदरास असलेला विरोध सर्वश्रुत आहे. १९४५ चा वारल्यांचा लढा आणि त्यावरील गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा या भूमीचा वाङ्मयीन वारसाही आहे.

भाषिकदृष्ट्या हा परिसर अत्यंत संपन्न आहे. वारली, कातकरी, मांगेली, वाडवळी या बोली येथे नांदतात. औद्योगिक वसाहतीत हिंदी व भोजपुरी ऐकू येते, आणि गुजरातीचा शेजार तर जुनाच आहे. प्रयोगकलांच्या बाबतीत तारपा नाच, जव्हार-मोखाडा भागातील मुखवट्यांचा बोहाडा, कांबड नाच, गौरी नाच यांची परंपरा आहे. तात्पर्य, या परिसरातून वर्गात येणारा विद्यार्थी नाट्याशी अपरिचित नसतो. त्याला अपरिचित असते ते छापील नाटक.

३. काही संहिता

(अ) श्रम आणि पाणी

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे या चर्चेचे प्रारंभस्थान मानावे लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरच्या गिरणगावातील धुरी कुटुंबाचे हे नाटक. चाळीतील एक खोली, एक आई आणि तिची मोठी झालेली मुले एवढाच त्याचा अवकाश आहे. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या नादात बेकारी विसरतो, एक गुन्हेगारीकडे वळतो. संपाचा इतिहास कोणी भाषणातून सांगत नाही. तो पैसे, जेवण, झोपायची जागा यांवरून होणाऱ्या भांडणांतून प्रकट होतो. वर्गात हे नाटक शिकविताना ‘गिरणी कामगारांची शोकांतिका’ असे वर्णन करून थांबण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी प्रत्येक प्रवेशात खोलीतील जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे विद्यार्थ्यांना टिपावयास सांगावे. नाटकाची रचना त्यातून उलगडते. बोईसरच्या वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना ही खोली समजावून सांगावी लागणार नाही. त्यांना समजावून सांगावा लागेल तो काळाचा फरक. धुरींच्या घरामागे संघटित कामगाराची एक स्मृती आहे. कंत्राटी कामगाराच्या घराला तशी स्मृती आहे काय, हा प्रश्न प्रयोगाच्या तालमीत उपस्थित झाला, तर नाटक आजचे होईल.

नाशिकचे दत्ता पाटील यांचे ‘हंडाभर चांदण्या’ हे सचिन शिंदे यांनी दिग्दर्शित केलेले नाटक टंचाईग्रस्त गावाच्या पाण्यासाठीच्या प्रतीक्षेवर उभे आहे. प्रतीक्षा म्हटली की अभ्यासकाला बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ आठवते, आणि ही तुलना वर्गात अवश्य करावी. परंतु भेदही स्पष्ट करावा. गोदो का येत नाही, याला बेकेटच्या जगात उत्तर नाही. टँकर का येत नाही, याला मात्र उत्तर असते. त्याला कार्यालय असते, कागद असतो, खाते असते. ज्या प्रतीक्षेचे कारण सांगता येते, तिची शोकात्मता वेगळ्या जातीची असते. मासवणच्या संदर्भात हे नाटक आणखी एक वळण घेते. येथे नदी आहे, धरणे आहेत, पाणी डोळ्यांसमोरून वाहते, आणि तरीही ते पाणी कोणाचे हा वाद या खोऱ्यात अनेक वर्षे चालू आहे. पाणी नसलेल्या गावाचे नाटक, पाणी दिसत असलेल्या गावाने कसे करावे? या प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शनातच द्यावे लागते. म्हणूनच ही संहिता या परिसरासाठी विशेष मोलाची ठरते. समूहपात्रांमुळे अधिक विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची सोयही तीत आहे.

(आ) इतिहासाची मालकी

शफाअत खान यांचे ‘शोभायात्रा’ स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या पार्श्वभूमीवर घडते. राष्ट्रपुरुषांचे पोशाख अंगावर चढविलेली सामान्य माणसे मिरवणुकीसाठी एकत्र जमलेली आहेत. पोशाख आणि माणूस यांतील अंतर हाच या नाटकाचा विषय. उपहास आणि भय यांची सरमिसळ खान ज्या रीतीने करतात, ती मराठी फार्सच्या परंपरेत वेगळी आहे. प्रेक्षक हसत असतानाच बाहेरचा हिंस्र काळ आत शिरत असतो. प्रयोगाच्या दृष्टीने एकच दृश्यस्थळ आणि ओळखीचे पोशाख यांमुळे हे नाटक महाविद्यालयाच्या आवाक्यात येते. मात्र पोशाखाचा विनोद करून नाटक संपविणे सोपे असल्याने दिग्दर्शकाने सावध राहावे.

राजकुमार तांगडे लिखित आणि नंदू माधव दिग्दर्शित ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) याच प्रश्नाला दुसऱ्या दिशेने भिडते. या नाटकामागील संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे. जालना जिल्ह्यातील ग्रामीण कलावंतांनी ते उभे केले. यमराज, जिरेटोप आणि त्या टोपात बसणाऱ्या डोक्याचा शोध अशी लोककथेच्या वळणाची योजना करून हे नाटक शिवाजी महाराजांच्या विचारांवर कोणाचा अधिकार, असे विचारते. शाहिरी सवाल-जबाबाचा भाग हे त्याचे मर्मस्थान होय. येथे वाद प्रबंधातून होत नाही, पोवाड्यातून होतो, आणि प्रेक्षक न्यायाधीश होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हा भाग सत्यशोधकी जलसा, आंबेडकरी जलसा आणि शाहिरी यांच्या परंपरेशी जोडून अभ्यासावा.

याच संदर्भात गो. पु. देशपांडे यांच्या ‘सत्यशोधक’चा उल्लेख आवश्यक आहे. ही संहिता नवी नाही. परंतु २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन तिचा जो प्रयोग केला, त्याने संहितेचे नवे वाचन घडविले. जोतीराव फुले यांच्याविषयीचे शब्द ज्यांच्या तोंडी आले, त्यांच्या जगण्यामुळे त्या शब्दांचे वजन बदलले. प्रयोग हेही वाचनच असते, या विधानाचे याहून स्पष्ट उदाहरण अलीकडच्या मराठी रंगभूमीवर क्वचित सापडेल.

(इ) देह, भक्ती आणि संसार

प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ २०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले, आणि २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या संहितेस मिळाला. तुकोबांची पत्नी आवली आणि तिच्या घरी लखुबाई होऊन आलेली रखुमाई अशी दोनच पात्रे येथे आहेत. विठ्ठल आणि तुकोबा हे दोघेही मंचावर नाहीत, परंतु दोघींचे सारे बोलणे त्या दोघांभोवती फिरते. अनुपस्थित पात्राच्या नाट्यतंत्राचा अभ्यास करण्यासाठी ही संहिता उत्तम आहे. तिच्या प्रयोगात एक धोका संभवतो. भक्तिसंगीताच्या प्रभावाने नाटकाची धार बोथट होऊ शकते. आवलीच्या तक्रारीत चूल, पाणी, गरोदरपण, रिकामे भांडे हे सारे आहे. हे श्रम रंगमंचावर प्रत्यक्ष दिसले, तरच तिचा देवाशी असलेला झगडा खरा वाटतो. गाणाऱ्या दोन विद्यार्थिनी उपलब्ध नसतील, तर हे नाटक करू नये, वाचावे. वाचनातही ते पूर्ण उभे राहते.

अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ (२०१७) हे र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांच्यावरील खटल्यांचे नाटक. कर्वे यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. न्यायालयाच्या चौकटीमुळे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’शी या नाटकाची तुलना सहज करता येते. तेंडुलकरांकडे न्यायालय हा खेळ आहे आणि शिक्षा खरी आहे. दळवींकडे न्यायालय खरे आहे आणि प्रश्न विचारला जातो तो समाजाच्या नैतिकतेलाच. ज्या वर्गात लैंगिकतेविषयी बोलताना अध्यापक आणि विद्यार्थी दोघेही संकोचतात, तेथे हे नाटक मोठ्याने वाचणे हाच एक शैक्षणिक प्रयोग ठरेल.

(ई) लहान जागेची नाटके

राजीव नाईक यांचे ‘साठेचं काय करायचं?’ हे दोन पात्रांचे नाटक पदव्युत्तर वर्गासाठी आदर्श आहे. पतिपत्नींच्या संवादातून तिसऱ्याचा, म्हणजे कधीही न दिसणाऱ्या साठेचा, मत्सर उलगडत जातो. दोन खुर्च्या एवढ्या साहित्यावर त्याचे अभिवाचन होऊ शकते. आशुतोष पोतदार यांचे ‘एफ-१/१०५’ हेही घराच्या चार भिंतींत घडते. भिंतीला हिरवा रंग द्यावयाचा, एवढ्या क्षुल्लक निर्णयातून रंगाला चिकटलेले सामाजिक अर्थ आणि नाटक करण्याची प्रक्रिया ही दोन्ही तपासली जातात. ही दोन्ही नाटके शहरी मध्यमवर्गाची आहेत, म्हणून ग्रामीण महाविद्यालयात टाळली जाऊ नयेत. आपल्याहून भिन्न जगाचे बारकाईने वाचन करण्याचा हक्क मासवणच्या विद्यार्थ्यालाही आहे. त्याने केवळ ‘आपल्या’ विषयांवरची नाटके करावीत, ही अपेक्षा वरवर उदार दिसली, तरी ती त्याला मर्यादेत ठेवणारी आहे.

४. बोलीचा प्रश्न

वरील संहितांची निवड करताना सर्वांत नाजूक प्रश्न भाषेचा आहे. ‘अधांतर’ची गिरणगावी भाषा, ‘शिवाजी अंडरग्राउंड’ची मराठवाडी बोली, ‘देवबाभळी’ची देहूच्या मातीतली वाणी यांचे पालघरच्या मुलांनी काय करावे? दोन चुका सर्रास होतात. एक तर सर्व संवाद प्रमाण भाषेत ‘सुधारून’ घेतले जातात. अथवा दूरच्या बोलीची नक्कल केली जाते आणि ती नक्कल विनोदी ठरते. दुसऱ्या प्रकारात बोली बोलणारा माणूसच हास्याचा विषय होतो, आणि हा अपमान ज्या विद्यार्थ्याच्या घरी मांगेली किंवा वारली बोलली जाते, त्याला नेमका कळतो.

तिसरा मार्ग शक्य आहे. तालमीच्या पहिल्या टप्प्यात विद्यार्थ्यांनी एखादा प्रवेश आपापल्या घरच्या बोलीत सांगावा. संहितेशी ताडून पाहावे. कोणता शब्द दुसरीकडे नेता येत नाही, कोणती शिवी सौम्य होते, कोणते नाते संबोधनातच बदलते, याची नोंद ठेवावी. हा अभ्यास भाषाविज्ञानाचा आहे आणि नाट्याभ्यासाचाही. प्रत्यक्ष प्रयोगात संहितेची भाषा बदलावयाची असल्यास मात्र नाटककाराची अनुमती घेणे हे नैतिक कर्तव्य आहे.

लोककलांच्या वापराबाबतही असाच विवेक हवा. पालघरचे पथक म्हटले की परीक्षक तारप्याची वाट पाहतात आणि पथकेही तो घालतात. नाटकाच्या रचनेशी संबंध नसताना घातलेला तारपा म्हणजे केवळ सजावट होय. ‘शोभायात्रा’तील पोशाखांना बोहाड्याच्या मुखवट्यांशी जोडून पाहता येईल. कारण मुखवटा धारण करणाऱ्याचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न दोहोंत समान आहे. बोहाड्यात मुखवट्याला गावाची श्रद्धा बळ देते. खानांच्या नाटकात ती श्रद्धा आटलेली आहे. असा अंतर्गत संबंध सापडल्यासच लोककला प्रयोगात आणावी.

५. काही व्यावहारिक सूचना

या संहितांचा उपयोग महाविद्यालयाने पुढील क्रमाने करावा, असे सुचवावेसे वाटते. प्रथम सत्रात दोन नाटकांचे संपूर्ण अभिवाचन व्हावे. सारांश किंवा मार्गदर्शिका त्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. द्वितीय सत्रात एका नाटकाचा एक अंक, साध्या प्रकाशात, महाविद्यालयातच सादर व्हावा. प्रयोगानंतर प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याने आपल्या पात्राविषयी संहितेत नसलेले परंतु प्रयोगात घ्यावे लागलेले निर्णय लिहून काढावेत. हे टिपण अंतर्गत मूल्यमापनासाठी स्वीकारता येईल आणि ते कोणत्याही तयार उत्तरापेक्षा अधिक विश्वसनीय ठरेल.

प्रताधिकाराविषयी अध्यापकांत अनेक गैरसमज आढळतात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात, त्या संस्थेच्याच अध्यापक-विद्यार्थ्यांनी, केवळ संस्थेतील मंडळी व विद्यार्थ्यांचे पालक अशा प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगास सवलत आहे. स्पर्धा, सार्वजनिक सभागृह किंवा तिकीटविक्री आली की लेखकाची लेखी परवानगी आवश्यक ठरते, आणि परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचीही पूर्तता करावी लागते. सवलत असली तरी नाटककाराला पत्र लिहावे. आपले नाटक मासवण परिसरातील विद्यार्थी करीत आहेत, हे त्यास कळणे हा साहित्यव्यवहाराचाच एक भाग आहे. याशिवाय संहितेच्या छायाप्रती वाटण्याऐवजी ग्रंथालयाने चार-पाच प्रती विकत घ्याव्यात. नाटकाची पुस्तके खपत नाहीत, म्हणून ती पुन्हा छापली जात नाहीत, आणि छापली जात नाहीत म्हणून ती शिकविली जात नाहीत. हे चक्र महाविद्यालयीन ग्रंथालयांनीच खंडित करावयाचे आहे.

६. समारोप

नव्या नाटकांची शिफारस करताना ‘श्रेष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ अशी प्रतवारी लावण्याचा येथे हेतू नाही. वर उल्लेखिलेल्या नाटकांपैकी काहींत दोषही आहेत. ‘अधांतर’मध्ये करुणेचा ओघ क्वचित विश्लेषणावर मात करतो, तर ‘समाजस्वास्थ्य’मध्ये दस्तऐवजाचा भार अधूनमधून जाणवतो. तथापि वाचकाला विचार करावयास लावणे आणि नटाला निर्णय घ्यावयास लावणे ही दोन्ही कामे या संहिता करतात. दोहोंपैकी एकच काम करणाऱ्या नाटकाला अभ्यासक्रमात अथवा रंगमंचावर स्थान असू शकेल, परंतु वर्ग आणि रंगमंच यांना जोडण्याची क्षमता त्यात नसते.

एकाच मासवण परिसरातून मुंबईच्या चाळीतील खोली, टंचाईग्रस्त गावाचा टँकर, जालन्याचा शाहिरी सामना आणि देहूची चूल यांकडे पाहिले असता या संहितांचे नवे अर्थ दिसू लागतात. ते अर्थ समीक्षाग्रंथांत तयार मिळणार नाहीत, कारण ते अद्याप लिहिले गेलेले नाहीत. ते लिहिणे हे या परिसरातील विद्यार्थी आणि अध्यापक यांचेच काम आहे, आणि त्याचा प्रारंभ एखादी संहिता एकत्र बसून मोठ्याने वाचण्यापासून होऊ शकतो.